मालवणात किती पैसा उतरतो?

एखाद्या तालुक्यात पर्यटकांनी किती खर्च केला, हा प्रश्न वरवर कोरडा वाटतो. पण जेटी कुठे बांधायची, रस्ता कोणत्या वाडीपर्यंत रुंद करायचा, वादळानंतर कोणाचा किती धंदा बुडाला असं धरायचं, हे ठरवताना साहेबांच्या टेबलावर हाच आकडा असतो. पूर्वी तो माणसांना विचारून काढत. आता बँकांच्या कार्डांवरच्या आणि यूपीआयच्या नोंदींवरून तो घरबसल्या काढता येईल असं म्हणणारे वाढले आहेत, आणि काही देशांनी ते करूनही पाहिलं आहे.

या वादाच्या दोन बाजू मांडण्यासाठी मी दोन माणसं घेतली आहेत. मामा राष्ट्रीय नमुना सर्वेक्षणात घरोघर हिंडण्याचं काम करून निवृत्त झालेले. आता मालवणजवळ देवबागला घराच्या तीन खोल्या ते निवास-न्याहारीसाठी पाहुण्यांना देतात. भाची संख्याशास्त्र शिकलेली, पुण्यात पेमेंटच्या आकड्यांवर काम करते. माणसं माझ्या कल्पनेतली आहेत, त्यांनी दिलेले दाखले मात्र खरे आहेत.

भाची : मामा, पर्यटनाच्या पाहणीसाठी तू कोणत्या फेरीत हिंडलास?

मामा : 72व्या. जुलै 2014 ते जून 2015. भर पावसात कुडाळपासून वेंगुर्ल्यापर्यंत घरं केली.

भाची : त्या पाहणीच्या आधारे देशाचं तिसरं टुरिझम सॅटेलाइट अकाउंट झालं, 2015-16 सालचं. देशाच्या उत्पन्नात पर्यटनाचा वाटा किती, हे पुढची कित्येक वर्षं त्यावरूनच पुढे ओढून सांगितलं गेलं. यूपीआय आलं एप्रिल 2016मध्ये. म्हणजे माणूस फिरायला गेल्यावर कशावर किती पैसे घालवतो, याचा आपला पाया क्यूआर कोडच्या आधीचा. ऑगस्ट 2025 या एका महिन्यात यूपीआयवर 2,000 कोटी व्यवहार झाले. त्यातले तुझ्या तालुक्यातले जरी कुणी वेगळे काढले, तरी मे महिन्यात काय झालं ते जूनमध्ये कळेल. तुझ्या पद्धतीनं कळायला तीन-तीन वर्षं लागतात.

मामा : उशीर होतो, ते कबूल. जुलै 2025पासून पुन्हा वर्षभराची पर्यटन खर्चाची पाहणी लावली ती त्यासाठीच. पण लवकर कळणं वेगळं आणि खरं कळणं वेगळं, गो.

भाची : विचारून तरी खरं कुठे कळतं? तीन महिन्यांपूर्वीच्या सहलीत काय खर्च केला ते मला आठवत नाही. तुझ्या अर्जासमोर बसून उत्तर देणार घरातला कर्ता पुरुष, आणि खरेदी केलेली त्याच्या बायकोनं. तो अंदाजे दहा हजार म्हणणार, तू दहा हजार लिहिणार. कार्ड विसरत नाही. रुपया आणि मिनिट दोन्ही त्याच्याकडे असतात.

मामा : म्हणून तर आम्ही ‘किती खर्च केला’ असं थेट विचारत नव्हतो. मी आधी विचारायचो, गेलात कशानं? मग उतरलात कुणाकडे? मग, येताना काय आणलंत? हे तिसरं विचारलं की आतून बाई बोलायची. ‘ह्यांना काय माहीत, शेजारच्यांसाठी दोन साड्या घेतल्या, पोराला बूट घेतले.’ मग आकडा बसायचा. विचारण्याची एक रीत असते, ती शिकवावी लागते. बरं, तू तुझ्या कार्डाची परीक्षा घे. कागद काढ, एक कुटुंब सांगतो. पुण्याचं, चार माणसं, तीन रात्री माझ्याकडे.

भाची : सांग.

मामा : खोलीचे दोन हजार रोजचे, म्हणजे 6,000. त्यातले 2,000 आगाऊ, माझ्या मोबाइल नंबरवर जीपे केलेले. उरलेले 4,000 निघताना रोख. तुझ्या मामीच्या हातचं मासे-भाताचं जेवण तीन दिवसांचं, 5,400, तेही रोख. दोघांनी स्कूबा केलं, 2,000. ते त्या पोराच्या स्वतःच्या नंबरवर गेले, दुकानाच्या नव्हे. किल्ल्याची होडी चौघांची, 400, खिडकीवर रोख. एका रात्री मालवणात मोठ्या हॉटेलात जेवले, 1,800, कार्ड. बाजारातून काजू घेतले 1,500चे, दुकानाचा क्यूआर स्कॅन करून. आणि खाजा, कोकम आगळ वगैरे 800, रोख. बेरीज कर.

भाची : 17,900.

मामा : त्यात कार्डाला दिसले किती?

भाची : 1,800.

मामा : दहावा हिस्सा. दुकानाचा यूपीआय धरलास तर 3,300. आणि ते 4,000, जे माझ्या आणि स्कूबावाल्या पोराच्या खासगी नंबरवर आले, ते तुमच्या यंत्राला काय दिसतात? पुण्याच्या एका माणसानं देवबागच्या एका माणसाला पैसे पाठवले, एवढंच. भावानं भावाला पाठवावेत तसे. 10,600 रुपये तर कुठेच नाहीत. ते एटीएममधून काढले ते पुण्याला, कोथरूडला. तुझ्या नकाशावर ते कोथरूडचे.

(ही बेरीज समजुतीपुरती आहे. पण कोकणात घरगुती खोली घेऊन राहिलेल्या कुणीही आपल्या मागच्या सहलीची अशी मांडणी करून पाहावी. पैसे देण्याचे मार्ग किती आणि त्यातले नोंदीत दुकान म्हणून दिसणारे किती, हे लगेच ध्यानात येतं.)

भाची : मामा, दहावा हिस्सा दिसला तरी माझं काम होतं. अट एकच, तो दहावाच राहिला पाहिजे. मला एकूण रक्कम नको, चढउतार हवा. मेमध्ये कार्डावर 100 रुपये आले, पुढच्या मेमध्ये 120 आले, तर धंदा वीस टक्क्यांनी वाढला. नऊ हिस्से दिसले नाहीत म्हणून हे चुकत नाही.

मामा : आणि हिस्साच बदलला तर? समज, बँकेनं मालवणात मशिनं वाटली. दहाचे पंधरा झाले. पाहुणा एक वाढला नाही, रुपया एक वाढला नाही, आणि तुझा तक्ता म्हणतो पन्नास टक्के वाढ. दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो, आणि तिसऱ्या दिवशी आमदार येऊन स्वतःची पाठ थोपटून घेतात.

भाची : म्हणूनच नुसतं कार्ड कुणी वापरत नाही. न्यूझीलंडचं उदाहरण घे. पन्नास-बावन्न लाखांचा देश, दुधाची बाटलीसुद्धा कार्डावर घेणारा. तिथल्या मंत्रालयानं कितीतरी वर्षं दर महिन्याला प्रत्येक प्रदेशाचा पर्यटन खर्चाचा अंदाज काढला. क्वीन्सटाउनला किती, ऑकलंडला किती, ऑस्ट्रेलियन पाहुण्यांचा किती, देशातल्यांचा किती. कार्डांवरून त्यांना कळायचं कुठे, कधी, कशावर. आणि परदेशी पाहुण्यांच्या खर्चाची देशभरातली एकूण रक्कम बसवायचे ती त्या पाहुण्यांच्या पाहणीवरून. तू विचारतोस तसंच विचारून. म्हणजे दोन्ही पद्धती एकत्र. यात तुला हरकत कशाची?

मामा : हरकत नाही. पुढे काय झालं ते सांग.

भाची : पुढे 2020 साल आलं. 19 मार्चला त्यांनी परदेशी लोकांसाठी देशाच्या सीमा बंद केल्या. पाहुणेच नाहीत, तर पाहणी कुणाची करणार? ती थांबली. कार्डाची आकडेवारी रोज येतच होती, पण तिला कशानं गुणायचं ते राहिलं नाही. मग 2020मध्येच त्यांनी तो जुना अंदाज बंद केला आणि नवा तक्ता सुरू केला. त्यात फक्त कार्डावर दिसलेला खर्च. रोख नाही, आधी भरलेली पॅकेजं नाहीत. आणि तक्त्याला नावही तसंच दिलं, पर्यटनाचे इलेक्ट्रॉनिक कार्ड व्यवहार.

मामा : म्हणजे इतकी वर्षं तो आकडा उभा होता तो पाहणीच्या खांद्यावर. दिसत होतं कार्ड, भार उचलत होती पाहणी. ती गेली त्या दिवशी कळलं.

मला इथे थोडं थांबावंसं वाटतं, कारण या सगळ्या प्रकरणात मला हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. न्यूझीलंडच्या लोकांना जुनाच गुणक पुढे चालवता आला असता. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. आलेख तुटला नसता, मंत्र्यांना सांगायला वाक्य मिळालं असतं. त्यांनी तसं केलं नाही. आपल्याला जे दिसतं तेवढंच दाखवू आणि तक्त्याच्या माथ्यावर तसं लिहू, असं ठरवलं. आपल्याकडे ‘पर्यटनातून इतके कोटींची उलाढाल’ ही बातमी प्रत्येक नाताळनंतर येते, आणि ती रक्कम कशी मोजली हे बातमीत कुठेच नसतं. हॉटेलांच्या खोल्या गुणिले कुणाच्या तरी मनातली सरासरी, असा तिचा जन्म असतो. त्या जागी उद्या कार्डाची आकडेवारी आली तर ती आजच्यापेक्षा नक्कीच बरी असेल. पण मथळ्यात ‘कार्डावर दिसलेला खर्च’ हे शब्द छापायची हिंमत हवी. ते शब्द गाळले की बरी आकडेवारीही खोटी होते.

मामांची बाजू इतका वेळ वरचढ आहे. पण भाचीचं एक म्हणणं असं आहे की त्यावर मामांना गप्प व्हावं लागतं.

भाची : आता मी विचारते. गणपतीत मालवण तालुक्यात किती माणसं येतात?

मामा : अगणित. सगळे चाकरमानी. गाड्यांना उभं राहायला जागा नसते.

भाची : त्यातले तुझ्याकडे खोली घेऊन किती राहतात?

मामा : एकही नाही. त्यांची घरं आहेत की.

भाची : पर्यटन विभाग पाहुणे मोजतो ते मुख्यतः हॉटेलांच्या आणि लॉजच्या वह्यांतून. म्हणजे गणपतीतला सिंधुदुर्ग त्यांच्या हिशेबी जवळजवळ रिकामा. पण संयुक्त राष्ट्रांच्या 2008च्या शिफारशी काय म्हणतात? माणूस आपल्या नेहमीच्या परिसराबाहेर गेला, वर्षभरापेक्षा कमी राहिला आणि तिथे नोकरीला लागला नाही, तर तो पाहुणा. नातेवाइकांकडे गेलेलाही पाहुणा, स्वतःच्या सुट्टीच्या घरात उतरलेलाही बहुधा पाहुणाच. डोंबिवलीचा माणूस चतुर्थीला गावी येऊन वाण्याकडून पंधरा दिवसांचा किराणा भरतो, सुताराकडून गणपतीवरची माटवी दुरुस्त करून घेतो, मेडिकलमधून आईची औषधं घेतो. हा पर्यटनाचा खर्च आहे. हॉटेलच्या वहीत तो कधीही येणार नाही. कार्डात येतो. कारण कार्डाच्या नोंदीत दुकानाची जात वेगळी आणि ग्राहकाचा गाव वेगळा. प्रत्येक दुकानाला चार आकडी वर्ग दिलेला असतो. 7011 म्हणजे निवास, 5812 म्हणजे उपाहारगृह, 5411 म्हणजे किराणा. मी फक्त 7011 बघत बसत नाही. डोंबिवलीच्या कार्डानं मालवणात जे जे घेतलं ते सगळं बघते, मग तो किराणा का असेना.

मामा : (थोडा वेळ गप्प.) हे खरं आहे. आंगणेवाडीच्या जत्रेचंही तसंच. एका रात्रीत एवढी माणसं येतात, आणि त्यातलं कुणी लॉजवर उतरत नाही. नातेवाइकांकडे राहतात नाहीतर गाडीतच झोपतात. वहीत काहीच नाही.

भाची : मग?

मामा : आम्ही घरोघर विचारायचो तेव्हा हेच वर यायचं. लोकांच्या प्रवासाचं सगळ्यांत मोठं कारण नातेवाईक, लग्न, बारसं, गावची पूजा. हॉटेलात राहून मजा करणारे थोडे. म्हणजे तुझं कार्ड आणि माझी पाहणी इथे एका बाजूला, आणि हॉटेलची वही दुसऱ्या बाजूला. पण एक ध्यानात घे. खालच्या वाडीतले मास्तर निवृत्त होऊन गावी येऊन राहिले त्याला सहा वर्षं झाली. बँकेचं खातं बोरिवलीचं, कार्डावरचा पत्ता बोरिवलीचा. तुझ्या यंत्राला मास्तर सहा वर्षं सलग सहलीला आलेत असं दिसेल.

भाची : ते पत्त्यावरून नाही, वापरावरून काढतात. जो बाराही महिने मालवणात खरेदी करतो तो मालवणचा धरायचा.

मामा : मग जो सहा महिने इथे आणि सहा महिने तिथे?

भाची : तिथे सीमा कुठेतरी घालावी लागते.

मामा : आम्हीही घालायचो. फरक एवढाच की आम्ही त्याला विचारून घालायचो.

इथून पुढे वाद गोव्याकडे वळतो, कारण परदेशी पाहुण्यांच्या बाबतीत कार्ड सर्वांत नेमकं असं मानलं जातं. कार्डाच्या पहिल्या आकड्यांवरून ते कोणत्या देशातल्या बँकेचं आहे हे कळतं. परदेशी माणूस आपल्याकडे सहसा यूपीआय वापरत नाही. म्हणून कळंगुटच्या दुकानात ब्रिटिश कार्ड चाललं तर ते ब्रिटिश पाहुण्याचं, हा तर्क बहुतेकदा बरोबर ठरतो.

भाची : परदेशी पाहुण्यांसाठी तरी तू कार्ड मान्य कर. पर्यटनातून परकीय चलन किती आलं, याचा आपला अंदाज रिझर्व्ह बँकेच्या प्रवास खात्याच्या नोंदींवरून काढतात. त्यात राज्य दिसत नाही, गाव तर नाहीच. कार्ड किनारा आणि किनाऱ्यावरची गल्ली दाखवतं.

मामा : मार्च 2022 आठव. युक्रेनचं युद्ध लागलं आणि व्हिसा-मास्टरकार्डनी रशियातलं काम थांबवलं. रशियन बँकांची त्यांची कार्डं देशाबाहेर चालेनाशी झाली. मोरजी-आश्वे म्हणजे रशियन पाहुण्यांचा जुना किनारा. पुढच्या हंगामात रशियन आले ते रोख घेऊन, कुणाच्या तरी हस्ते, काय जमेल ते करून. कार्डाच्या तक्त्यात एक अख्खा देश पुसला गेला. माणसं मात्र वाळूवर होती.

भाची : तो अपवाद.

मामा : अपवाद म्हणजे काय, तर वापरणाऱ्याच्या हातात नसलेलं कारण. बंगळुरूला जुलै 2025मध्ये काय झालं? राज्याच्या करखात्यानं यूपीआयच्या जमा रकमा बघून हजारो छोट्या दुकानदारांना जीएसटीच्या नोटिसा धाडल्या. भाजीवाले, बेकरीवाले, चहावाले. आठवड्याभरात दुकानांवर पाट्या, यूपीआय नाही, फक्त रोख. आता त्या महिन्याचे तुझे आकडे काढ. त्या शहरात चहा प्यायचं कमी झालं का? मोजायला घेतलेलं माप जर उद्या वसुलीला वापरलं, तर माणूस मापापासून दूर पळतो. आम्ही पाहणीला जायचो तेव्हा पहिलं वाक्य हेच बोलायचो की हे टॅक्ससाठी नाही. 2008चा सांख्यिकी कायदाच तसा आहे, घराची माहिती गुप्त. तेवढ्या वाक्यावर दार उघडायचं.

भाची : कार्डाच्या आकडेवारीतही नावं नसतात. क्रमांक काढून टाकतात, बेरीज करून देतात.

मामा : नाव काढून भागत नाही, हे तुझ्याच शास्त्रातल्या लोकांनी दाखवलंय ना?

भाची : हो. 2015मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं होतं. 11 लाख माणसांचे तीन महिन्यांचे कार्ड व्यवहार घेतले, नावं काढलेली. कुणी कुठे, कोणत्या दिवशी खरेदी केली अशा फक्त चार नोंदी माहीत असल्या तरी नव्वद टक्के माणसं एकमेव ठरत होती. म्हणून तर वैयक्तिक नोंदी कुणाला द्यायच्याच नसतात. फक्त तालुक्याची बेरीज द्यायची, आणि एखाद्या रकान्यात दुकानं थोडी असतील तर तो रकाना झाकायचा.

मामा : देवबागात कार्डाचं मशीन असलेली ठिकाणं किती असतील? हाताच्या बोटांवर. त्यातलं एखादं सगळ्यात मोठं. गावाची बेरीज छापलीस म्हणजे त्याचा गल्ला छापलास.

भाची : म्हणजे देवबाग झाकायचं. मालवण तालुका दाखवायचा.

मामा : आणि झाकलेल्या देवबागला जेटी मिळणार कशाच्या जोरावर?

या प्रश्नाला भाचीजवळ सोपं उत्तर नाही, आणि माझ्याजवळही नाही. गुप्तता पाळायची तर लहान गाव झाकावं लागतं, आणि मोजणीनुसार निधी वाटायचा तर झाकलेलं गाव मागे पडतं. आकडे हाताळणाऱ्यांनी हा पेच जागेवरच मांडावा, एवढीच अपेक्षा. एरवी काय होतं? पैसा जिथे दिसतो तिथेच तो आहे असं धरलं जातं. मशीन असलेलं मोठं हॉटेल म्हणजे पर्यटन, आणि मामीच्या हातचं जेवण हा जणू घरगुती मामला.

यात आणखी एक पदर आहे. पुण्याच्या माणसानं एखाद्या संकेतस्थळावरून तारकर्लीची खोली आधीच भरून ठेवली, तर कार्डाच्या नोंदीत व्यापारी म्हणून दिसते ती संकेतस्थळ चालवणारी कंपनी, आणि तिचा पत्ता गुरुग्रामचा किंवा बंगळुरूचा असतो. खोलीवाल्याला दलाली कापून रक्कम मिळते ती साध्या बँक हस्तांतरानं, आणि ती कार्डाच्या नकाशावर कुठेच येत नाही. तारकर्लीच्या वाळूवर झालेला मुक्काम हरियाणातला खर्च होऊन बसतो. आधी भरून येणारे पाहुणे जसे वाढत जातील, तसतसं किनाऱ्यावरच्या गावाचं कार्डातलं रूप खुजं होत जाईल, धंदा वाढत असला तरी.

भाची : मामा, तौक्ते वादळ आलं तेव्हाचं सांग. मे 2021. किनाऱ्याची काय दुर्दशा झाली ते तू बघितलंस. पंचनामे किती आठवडे चालले? कार्डाच्या नोंदीवरून कोणत्या गावातला व्यवहार किती खाली गेला आणि कुठे किती दिवसांत पुन्हा वर आला, हे रोजच्या रोज दिसलं असतं.

मामा : दिसलं नसतं, गो बाय. वीज गेली ती कित्येक दिवस. टॉवर बंद, मशीन बंद. लोक मेणबत्त्या आणि पत्रे घ्यायला रांगेत उभे होते, सगळं रोखीनं. तुझ्या तक्त्यात तेव्हा शून्य. शून्य म्हणजे खरेदी झाली नाही की मशीन बंद होतं, हे सांगायला परत कुणीतरी माणूसच जायला हवा.

भाची : कबूल. पण वीज आल्यावर? सावरायला कुठे किती महिने लागले, हे तरी? एका वर्षीची दिवाळीची सुट्टी आणि पुढच्या वर्षीची, यातला फरक? पावसाळ्यात होड्या बंद असतात तेव्हा कोणती दुकानं तग धरतात आणि कोणती नाही? तू कितीही घरं फिरलास तरी ही बारकाई पाहणीत मावणार नाही. त्यासाठी एका तालुक्यात हजारो घरं विचारावी लागतील. नमुना पाहणी देशासाठी चालते, राज्यासाठी चालते. तालुक्यापर्यंत आली की तुझ्या वाट्याला घरं येतात मूठभर.

मामा : ते मात्र खरं. तालुक्याचा आकडा आम्हाला कधी देता आला नाही. लोक विचारायचे, मालवणचं सांगा, आणि आम्ही महाराष्ट्राचं सांगायचो.

भाची : मग दोन्ही एकत्र कर ना. मोठी पाहणी दहा वर्षांतून एकदा होऊ दे. पण इथे, मालवणात, छोटी पाहणी कर. वीस-पंचवीस निवास-न्याहारीची घरं, काही खानावळी, होडीवाले, दोन वाणी. प्रत्येकाकडे एक वही. पाहुणा आला, पैसे दिले, की एक ओळ. रक्कम किती, कशापायी, आणि दिले कसे. रोख, कार्ड, दुकानाचा क्यूआर, का खासगी नंबर. नाव नाही, फोन नाही. त्यावरून दर महिन्याला कार्डाचा हिस्सा किती ते मी काढते. हिस्सा बदलला तर गुणक बदलायचा.

मामा : वही लिहिणार कोण? मोसमात मामीला मान वर करायला वेळ नसतो.

भाची : सगळे दिवस नको. महिन्यातले चार दिवस, आधी चिठ्ठ्या टाकून ठरवलेले.

मामा : आणि चार दिवस लिहायचे पैसे द्यायचे. फुकट लिहून घेतलेली वही दुसऱ्या महिन्यात एकसारखी दिसायला लागते. प्रत्येक रात्री दोन हजार, प्रत्येक जेवण दोनशे. मी अशा वह्या पाहिल्यात. माणूस बसून एका दमात महिना भरतो.

भाची : पैसे द्यायचे. मान्य.

मामा : आणि एक रकाना वाढव. पाहुणा गावच्या घरी उतरलाय का. वाण्याच्या वहीत तरी तो हवाच, नाहीतर चाकरमानी पुन्हा सुटेल. तू विचारलंस तेव्हा मी गप्प बसलो ते त्यासाठीच.

भाची : वाढवला. सुरू कधी करायचं? मे?

मामा : मेमध्ये कार्डवाला पाहुणा जास्त. त्या महिन्यावर गुणक बसवलास तर बाकीचं वर्ष चुकेल. गणपतीच्या आधी आठ दिवसांपासून धर.

भाची : आणि मेसुद्धा. दोन्ही नसतील तर हिस्सा कसा बदलतो ते मला कळणार नाही.

मामा : दोन्ही धर. पण तक्ता छापशील तेव्हा माथ्यावर आधी ते लिही, काय मोजलं आणि काय नाही. खाली बारीक अक्षरात नको.